शिगोशीग पायली

गुढीपाडव्याची पुरणपोळी आटोपली की परभणी जिल्ह्यातल्या मोठ्या शेतकऱ्यांच्या ओसरीवर एक बैठक बसायची. एका अंगाला मालक, दुसऱ्या अंगाला सालगडी आणि मधे दोघांनाही ओळखणारी गावातली एक-दोन जुनी माणसं. जुनं साल त्या दिवशी फिटायचं, नवं ठरायचं. घोंगडीच्या टोकाशी चाळा करत गडी म्हणायचा, "औंदा दोन पोती वाढवा, मालक. खाणारी तोंडं वाढली." मालक गेल्या साली दिलेल्या उचलीची आठवण काढायचा. मधला माणूस दोन पोत्यांचं एक करायचा. पानसुपारी झाली की पुढच्या पाडव्यापर्यंत तो माणूस त्या वाड्याचा.

या बैठकीत ठरायचं काय? ज्वारीची पोती किती, धोतरजोडा एक की दोन, पावसाळ्यासाठी घोंगडी, पायांत घालायला वहाणा, सणावाराला काय आणि लेकीच्या लग्नाला उचल किती. रोख रकमेचा आकडाही असायचा, पण त्या यादीतला एक जिन्नस म्हणून. घर चालायचं ते पोत्यांवर.

साधी दिसणारी ही यादी अर्थशास्त्राच्या दृष्टीनं मोठी चलाख होती. ज्वारी महागली की गड्याची मजुरीही त्याच दिवशी, त्याच पटीत महागायची, कारण मजुरी म्हणजेच ज्वारी. त्यासाठी कुणाला भाव टिपून ठेवावे लागत नव्हते, समिती नेमावी लागत नव्हती की वर्षातून दोनदा परिपत्रक काढावं लागत नव्हतं.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याला हीच गोष्ट फार वेगळ्या वाटेनं सुचली. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात तिथल्या कागदी पैशाची किंमत इतकी घसरली, की सैनिकांना पगार द्यायचा तरी कशात असा प्रश्न पडला. १७८० मध्ये त्या राज्यानं सैनिकांना रोखे दिले आणि त्यांची रक्कम चार जिनसांच्या भावाला बांधली : मका, गोमांस, मेंढीची लोकर आणि तळव्याचं चामडं. महागाईला बांधलेल्या रोख्यांचा जगातला हा पहिल्या काही दाखल्यांपैकी एक मानला जातो. गोमांस वगळलं तर उरतं ते धान्य, लोकर आणि कातडं. सालगड्याच्या यादीतही तेच होतं : ज्वारी, घोंगडी आणि वहाणा.

परभणीकरांची एक आवडती बढाई आहे : जगात जर्मनी, भारतात परभणी. ती कुणी आणि का जोडली याचे किस्से जितकी तोंडं तितके. पण धान्याच्या मजुरीपुरती जोडी खरंच जमते. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीचा मार्क कोसळू लागला तेव्हा ओल्डेनबुर्ग राज्यानं १९२२ मध्ये राय या धान्याच्या भावाला बांधलेले रोखे काढले. त्यांच्या भाकरीचं धान्य राय, इथल्या भाकरीचं ज्वारी. पुढच्याच वर्षी जर्मनीत सकाळी हातात पडलेल्या पगाराचं संध्याकाळपर्यंत काही येईनासं झालं. त्या दिवसांत मजुरी पायलीनं मिळाली असती तर बर्लिनच्या कामगारानं ती डोक्यावर घेऊन मिरवली असती.

सालगड्याचा हिशेब वर्षाचा. रोजानं जाणाऱ्या बायका-माणसांचा दिवसाचा, पण त्यातही धान्य होतंच. ज्वारीची काढणी पेंढ्यांवर चालायची. ठरलेल्या इतक्या पेंढ्या बांधल्या की एक पेंढी कापणाऱ्याची. कणसं मोडायला आलेल्या बायका संध्याकाळी पाटीत कणसं घेऊन घरी निघायच्या. सुतार, लोहार, चांभार, न्हावी यांचं बलुतं खळ्यावरच मोजलं जायचं. गावातल्या कष्टाचा मोठा भाग असा रुपयाला न शिवता फिटायचा.

रुपया होता, तोही दोन तऱ्हेचा. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संस्थानाचा स्वतःचा रुपया म्हणजे हाली शिक्का. ब्रिटिश मुलखातला रुपया त्याहून भारी, तिथल्या शंभर रुपयांना हालीचे सुमारे एकशे सतरा मोजावे लागत. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाला आणि परभणी, सेलू, मानवतचा कापूस मुंबईच्या बाजाराला जोडला गेला. कापसाचा भाव मुंबईत ठरणार, मोंढ्यात, म्हणजे इथल्या शेतमालाच्या बाजारात, तो हालीत उतरणार आणि त्यातला रोजाचा हिस्सा वेचणाऱ्या बाईच्या पदराच्या गाठीत जाणार. एवढ्या प्रवासात त्याची किंमत कुठं किती गळाली, हे तिला कळायला वाव नव्हता. पायलीचं तसं नव्हतं. ती डोळ्यांसमोर भरली जायची.

भरण्यातही गोम होतीच. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली ही सगळी आकारमानाची मापं. त्यांत धान्य किती मावणार हे भरणाऱ्याच्या हातावर. माप शिगोशीग भरलं, म्हणजे काठाच्या वर धान्याची टेकडी चढली, तर मूठ-दोन मुठी जास्त. काठावरून हात फिरवून सपाट केलं तर तेवढ्या कमी. घेतानाचं माप एक आणि देतानाचं दुसरं ठेवणारी घरंही होती. करारात दहा पायल्या लिहिलेल्याच राहायच्या, मजुरी मात्र तळहाताच्या एका फिरकीनं घटायची. महागाई पैशात असते, तशी ती मापातही असू शकते. दशमान वजनं-मापं १९५८ नंतर टप्प्याटप्प्यानं आली, किलोचा काटा गावात पोचला आणि शीग मागं पडली.

धान्याच्या मजुरीचे गोडवे गायला बसलं तर तिचं दुसरं तोंड दिसत नाही. पोती ठरलेली असली तरी ती पुरतीलच असं नसे. आषाढात घरातली ज्वारी संपली की गडी मालकाकडूनच धान्य उचलायचा. सवाईनं घेतलं तर सुगीला सव्वापट फेडायचं, दिढीनं घेतलं तर दीडपट. पाडव्याला हिशेब मांडला की साल फिटण्याऐवजी उलट बाकी निघायची आणि पुढचं सालही त्याच दारात. हैदराबाद संस्थानात कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या मजुराला भागेला म्हणत. ही प्रथा तेलंगणात जास्त घट्ट होती, पण तिला आवर घालण्यासाठी निजाम सरकारनं १९३६ मध्ये जे नियम केले ते सगळ्या संस्थानासाठी होते. वेठबिगारी देशभर कायद्यानं बंद व्हायला १९७६ उजाडलं. धान्यातली मजुरी महागाईपासून वाचवायची हे खरं, पण मालकापासून ती वाचवत नव्हती.

दुष्काळापासून तर नाहीच. आभाळ फिरलं की खळं रिकामं, खळं रिकामं की पेंढी नाही, बलुतं नाही. ज्या वर्षी ज्वारी सगळ्यांत महाग, नेमकं त्याच वर्षी ज्वारीत मजुरी द्यायला कुणी तयार नसे. निर्देशांक म्हणून ही पद्धत उत्तम होती, विमा म्हणून कुचकामी.

दुसऱ्या महायुद्धानं दोन्ही बाजू एकदम उघड्या पाडल्या. १९३९ ते १९४४ या काळात देशातले घाऊक भाव अडीच पटींच्या आसपास चढले. ज्यांच्या हातात रोख पगार होता त्यांची ससेहोलपट झाली, पायलीनं घेणारे त्यामानानं तगले. पण त्याच दिवसांत संस्थानात सक्तीची धान्यवसुली, म्हणजे लेव्ही, सुरू झाली. सरकारचा माणूस खळ्यावर येऊन धान्य उचलून नेऊ लागला, तेव्हा मजुराच्या वाट्याला पोत्याऐवजी पैसे येण्याचं निमित्त मालकाला आयतंच मिळालं.

मजुरी रुपयात मोजायची म्हटलं तर काय घोळ होतो, हे स्वतंत्र भारताच्या पहिल्या दोन शेतमजूर पाहण्यांनी दाखवलं. १९५०-५१ च्या पाहणीत रोजंदारीवरच्या पुरुष शेतमजुराची सरासरी मजुरी दिवसाला १०९ पैसे निघाली, बाईची ६८ पैसे. १९५६-५७ च्या दुसऱ्या पाहणीत हे आकडे ९६ आणि ५९ पैशांवर उतरले. पंचवार्षिक योजनेनं शेतमजूर आणखी गरीब झाला की काय, यावर अर्थशास्त्रज्ञांत मोठा वाद पेटला. त्या वादातला एक मुद्दा धान्याच्या मजुरीचा होता. पहिल्या पाहणीत मजुराला मिळालेल्या धान्याची किंमत किरकोळ भावानं धरली होती, दुसरीत घाऊक भावानं. म्हणजे बाईनं घरी नेलेली पाटी तेवढीच राहिली असती तरी कागदावर ती हलकी झाली असती. दिल्लीत बसून पायलीचा रुपया करताना कुणाचा हात शीग चढवतो आणि कुणाचा सपाट करतो, हा प्रश्न तिथंही सुटला नव्हता.

मुंबईत तोवर वेगळंच जग उभं राहिलं होतं. १९२१ मध्ये मुंबई सरकारनं मजूर कार्यालय काढलं आणि कामगाराच्या घरखर्चाचा निर्देशांक जुलै १९१४ हा पाया धरून महिन्याच्या महिन्याला छापायला सुरुवात केली. पुढं गिरणी कामगाराचा महागाई भत्ता या आकड्याला जोडला गेला. आकड्याला पोट बांधलं की आकड्यावरूनच भांडण होणार, हे ओघानं आलं. निर्देशांकात महागाई खरी दिसत नाही, तो फसवा आहे, या तक्रारीवरून २० ऑगस्ट १९६३ ला मुंबई बंद झाली. सरकारनं प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि निर्देशांक दुरुस्त करावा लागला. गहू, तांदूळ, घरभाडं यांचं वजन किती धरावं यासाठी एक अख्खं शहर थांबलं होतं. परभणीच्या शेतमजुराजवळ भांडायला असा आकडाच नव्हता.

जिल्ह्यात एक गाव मात्र त्या दुसऱ्या जगात मोडत होतं. पूर्णा हे रेल्वेचं जंक्शन. तिथल्या फायरमनला, गँगमनला, पॉइंट्समनला पगार होता आणि पगारावर महागाई भत्ता होता. रेल्वेच्या चाळीत महिन्याच्या ठराविक तारखेला पैसे यायचे, आणि रुळांपलीकडच्या शिवारात काढणीला गेलेली माणसं पेंढ्या मोजायची. १९७३-७४ च्या महागाईनं भत्ता असलेल्यांनाही गाठलं. १९७४-७५ मध्ये घाऊक भाव एका वर्षात सुमारे २५ टक्क्यांनी चढले. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली ८ मे १९७४ पासून देशभरची रेल्वे वीस दिवस ठप्प झाली ती बोनस, इतर सार्वजनिक उद्योगांइतकं वेतन आणि महागाई भत्ता या मागण्यांसाठी. मुंबईत त्याच सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर लाटणी आणि थाळ्या घेऊन बायकांचे मोर्चे काढत होत्या.

परभणीच्या खेड्यात त्या वर्षांची आठवण लाटण्याची नाही, मिलोची आहे. बहात्तरच्या दुष्काळात खळी ओस पडली आणि सरकारी दुकानांत अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, म्हणजे मिलो, मिळू लागली. तिची भाकरी थापताना चिरायची आणि चवीला कुणालाच रुचत नव्हती. पण तीच खाऊन माणसं खडी फोडायला, पाझर तलाव खणायला, रस्त्यावर माती टाकायला गेली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभर अशा कामांवर पन्नास लाखांच्या जवळ माणसं होती. पाडव्याची बैठक त्या साली कशी बसणार? मालकच कामावर हजेरी लावायला उभा होता. मोठ्या वाड्यातल्या बाया तोंडावर पदर ओढून त्याच बांधावर मातीची पाटी उचलत होत्या, आणि हजेरीपत्रकावर त्यांचा रोज गड्याच्या बायकोइतकाच पडत होता.

या कामांतूनच रोजगार हमी योजना पक्की झाली. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला जो प्रयोग केला होता, त्याचा १९७७ मध्ये कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसा उभा राहावा म्हणून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून दरमहा कापले जाणारे काही रुपये जिंतूरच्या माळावर मातीकामाची मजुरी होऊ लागले. मजुरी कामाच्या मापावर, बाईला आणि पुरुषाला एकाच दरानं. त्या काळच्या शेतावर ही गोष्ट नवलाची होती.

या मजुरीची महागाईशी सांगड कशी घालायची, याचं उत्तर मात्र धक्क्याधक्क्यानं आलं. १९८८ मध्ये सरकारनं शेतमजुरांचं किमान वेतन एकदम दुप्पट केलं आणि हमीच्या कामाचे दरही त्याबरोबर चढले. कागदावर तो मजुराचा मोठा विजय. मार्टिन रॅव्हालियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर आकडे तपासले, तेव्हा दर वाढल्यावर कामांवरची माणसं घटलेली दिसली. काम मागणाऱ्याला काम मिळेलच ही हमी सैल झाली होती. अनेक वर्षं थकलेली वाढ एका दमात दिली की देणाऱ्याची तिजोरी आखडते, आणि तो ते सांगत नाही, नुसतं काम उघडत नाही.

दरम्यान शेतच बदललं. संकरित ज्वारी साठीच्या दशकाच्या मध्यापासून आली, जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी पाथरी, मानवत, परभणीच्या शिवारात उतरलं, १९७२ मध्ये परभणीत कृषी विद्यापीठ उभं राहिलं. नव्वदीनंतर सोयाबीननं खरिपाची ज्वारी रेटत रेटत बांधावर नेली. पावसाळ्यात काळी पडणारी, पाखरांनी टिपलेली ज्वारी कोण लावणार? सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत मोंढ्यावर जातं आणि रोख पैसा देतं.

मजुरीतून धान्य गेलं ते असं. कुणी ठराव करून काढलं नाही. मालकाच्याच घरात ज्वारीची पोती उरली नाहीत, तर तो गड्याला कुठून देणार? सोयाबीनची भाकरी होत नाही. पेंढीच्या हिशेबाची जागा गुत्त्यानं घेतली. एकराला इतके रुपये, काढायचं आणि ढीग लावायचा, मग टोळीत दहा जण या की पंधरा. कापसाची वेचणी किलोवर, खुरपण रोजावर, ऊसतोड टनावर. सालगडी राहिला, पण त्याचं सालही रोख झालं आणि आता ते लाखाच्या पुढं गेल्याच्या बातम्या पाडव्याच्या सुमारास वर्तमानपत्रांत येतात. यादीतली घोंगडी गेली, तिच्या जागी काही ठिकाणी मोबाइलचं रिचार्ज आलं.

रोखीबरोबर जुना प्रश्न परतला : रुपयाची पायली आज किती? रोजगार हमीचा केंद्रीय कायदा २००५ मध्ये झाला. शेजारचे नांदेड, हिंगोली पहिल्याच टप्प्यात, २००६ मध्ये त्यात आले, परभणी २००८ मध्ये. १ जानेवारी २०११ पासून या योजनेची मजुरी शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधली गेली. मुंबईच्या गिरणी कामगाराला जे कित्येक दशकं आधी मिळालं होतं, ते शेतमजुराला इथं मिळालं. महाराष्ट्राचा दर त्या दिवशी १२७ रुपये होता. २०१४ मध्ये तो १६८ झाला, २०१७ मध्ये २०१. मग २०१८ मध्ये २०३. वाढ दोन रुपये. पुढच्या वर्षी तीन. परभणीच्या बसस्टँडवर तेवढ्यात चहाचा अर्धा कपही आला नसता.

यामागं लबाडी नव्हती, गणित होतं. तेव्हा देशात अन्नधान्य आणि डाळींचे भाव पडलेले होते, तूर मातीमोल झाली होती, आणि या निर्देशांकात खाण्याच्या वस्तूंचं वजन दोन-तृतीयांशाहून जास्त. खाणं स्वस्त तर निर्देशांक सपाट, निर्देशांक सपाट तर मजुरी सपाट. शेतकऱ्याच्या तुरीला भाव नाही आणि मजुराला वाढ नाही, असं दुहेरी वर्ष होतं ते. शिवाय हा निर्देशांक १९८६-८७ या पायावरचा आणि त्यातली टोपली १९८३ च्या कुटुंबखर्चाच्या पाहणीतून भरलेली. खासगी शाळेची फी, मोटारसायकलचं पेट्रोल, मोबाइल यांचं त्र्याऐंशी सालच्या शेतमजुराच्या घरी काय वजन असणार? २०१९ च्या पायावरची नवी मालिका आली ती २०२५ च्या मध्यात.

जुनं माप लावून बघण्याचा मोह इथं आवरत नाही. हमीच्या एका दिवसाच्या मजुरीत संकरित ज्वारी किती येईल? मोंढ्यातला भाव रोज बदलतो, म्हणून सरकारनं जाहीर केलेला हमीभाव धरू. २०११ मध्ये मजुरी १२७ आणि त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ९८० रुपये, म्हणजे दिवसाला जवळजवळ तेरा किलो. २०१७ मध्ये २०१ रुपयांना १,७०० च्या भावानं पावणेबारा किलोंच्या वर. २०१८ मध्ये हमीभाव २,४३० वर उडाला आणि मजुरी दोन रुपयांनी सरकली, तेव्हा सव्वाआठ किलोंच्या आसपास. २०२५ मध्ये ३१२ रुपयांना ३,६९९ च्या भावानं साडेआठ किलोही नाही.

ज्वारीच्या मापानं मजुरी घटली. निर्देशांकाच्या मापानं मात्र ती टिकली, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. निर्देशांकात रेशनचे भावही असतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तांदूळ तीन रुपयांना, गहू दोन रुपयांना दिला आणि २०२३ पासून दोन्ही फुकट झाले. परभणीच्या शेतमजुराच्या घरी आता तांदूळ शिजतो, पोळी लाटली जाते आणि भाकरी महागडी चैन होत चालली आहे. आजोबा ज्या धान्यात मजुरी घ्यायचे ते धान्य नातवाला पैसे मोजून परवडत नाही. विद्यापीठाच्या 'परभणी मोती' या रब्बी वाणाचे टपोरे पांढरे दाणे शहरातल्या ज्वारीप्रेमींच्या डब्यात जातात.

पगारदारांशी तुलना केली तर आणखी एक गोष्ट दिसते, जी नुसत्या तक्रारीत सापडत नाही. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता जानेवारी २०१६ मध्ये शून्यापासून मोजायला लागले, तो जानेवारी २०२४ मध्ये ५० टक्क्यांवर पोचला. हमीची मजुरी त्याच काळात १९२ वरून २९७ झाली, म्हणजे सुमारे ५५ टक्के. भत्त्याच्या शर्यतीत मजूर मागं पडलेला नाही! फरक सुरुवातीच्या रेषेत आहे. त्या आयोगानं किमान मूळ वेतन ७,००० वरून १८,००० केलं, आणि त्यावर दरसाल तीन टक्क्यांची वेतनवाढ वेगळी. निर्देशांक माणसाला होता त्या पायरीवर धरून ठेवतो. पायरी चढवायचं काम वेतन आयोग करतो, आणि शेतमजुरासाठी तसा आयोग दर दहा वर्षांनी बसत नाही.

खुल्या शेतावरची गोष्टही फार वेगळी नाही. २००७-०८ पासून पाच-सहा वर्षं देशभर शेतमजुरी महागाईच्या पुढं धावली. मजूर मिळत नाहीत ही शेतकऱ्याची ओरड तेव्हाचीच. नंतर दम संपला. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांवरून अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेज यांनी मांडलेल्या हिशेबानुसार २०१४-१५ ते २०२१-२२ या काळात शेतमजुराची खरी मजुरी वर्षाला एक टक्काही वाढलेली नाही. २०२२-२३ मध्ये पुरुष शेतमजुराची देशाची सरासरी ३४५ रुपयांच्या घरात होती, केरळात ७६४, महाराष्ट्रात ३०३ च्या आसपास. मुंबईच्या राज्यानं स्वतःला पुढारलेलं म्हणवताना हा आकडा जरा बाजूला ठेवलेला दिसतो.

जिंतूर आणि गंगाखेडकडच्या डोंगरपट्ट्यातून दसरा-दिवाळीला ट्रक भरून कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, ऊसतोडीला जातात. त्यांचा दर निर्देशांक ठरवत नाही, भांडण ठरवतं. संप, मुकादमांच्या बैठका, मग साखर संघाबरोबर वाटाघाटी. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादानं टनाचा दर २७३ वरून ३६६ रुपये केला. चौतीस टक्के एका फटक्यात, पण त्याआधीची चौदा टक्क्यांची वाढ २०२० ची. मधली वर्षं तेल, किराणा, औषधं त्याच जुन्या दरावर. उचल मात्र दरवर्षी फुगत गेली. महागाईचा फरक मजुरीत मिळाला नाही की तो उचलीत घेतला जातो आणि पुढच्या हंगामात अंगमेहनतीनं फेडला जातो. पाडव्याच्या ओसरीवरची ती उलट बाकी इथं टनाच्या हिशेबात पुन्हा भेटते.

महागाईबरोबर चालण्याची जुनी अक्कल आता फक्त कापसाच्या वेचणीत शिल्लक आहे, आणि तीही बायकांमुळे. दसऱ्यानंतर पहिली वेचणी लागते तेव्हा बोंडं टच्च फुटलेली असतात. हात चांगला असेल तर एक बाई दिवसाला चाळीस-पन्नास किलो कापूस वेचते. तेव्हा किलोचा दर कमी चालतो. तिसऱ्या वेचणीला झाडावर कवडीच उरते, दिवसभर वाकून वीस किलो भरणं कठीण. त्या वेळी दहा रुपयांचा दर बारावर न्यावा लागतो, नाहीतर टमटम दुसऱ्याच्या शेताकडे वळते. यासाठी अर्ज नाही की लवाद नाही. सकाळी पारावर, टमटममध्ये बसायच्या आधी, टोळीतली थोरली बाई दर सांगते आणि मालक मोबाइलवरून दुसऱ्या टोळीचा दर काढतो. संध्याकाळी बांधावर तिपाईला काटा लटकतो, गाठोडी एकेक करून अडकवली जातात. काट्याची सुई डुलत असते तोवर सगळ्या गप्प असतात. सुई थांबली की थोरली बाई जवळ येऊन आकडा स्वतः वाचते, मोठ्यानं म्हणते आणि मगच गाठोडं खाली उतरवू देते.